उजवा रकाना

आमच्या वहीत दोन रकाने असतात. डाव्याचं शीर्षक ‘मिळेल’, उजव्याचं ‘मिळायला हवं’. दरवर्षी सुवर्णपटल चित्रपट पुरस्कारांची नामांकनं जाहीर झाली की आम्ही चौघं बिबवेवाडीत माझ्या घरी जमतो आणि दहा विभागांसाठी दोन्ही रकाने भरतो. डाव्या रकान्यात बहुमत चालतं. उजव्यात चालत नाही. ज्याचं कारण बाकी तिघांना खोडता येत नाही, त्याने सुचवलेलं नाव उजव्या रकान्यात जातं आणि नावापुढे ते कारणही लिहायचं, एका वाक्यात. डावीकडे कारण लिहायची गरज आम्हाला कधी वाटली नाही. अंदाज बरोबर येतो किंवा चुकतो, एवढंच.

अकरा वर्षांची नोंद माझ्याकडे आहे. एकशे दहा अंदाजांपैकी डावा रकाना त्र्याहत्तर वेळा बरोबर आला, उजवा एकोणचाळीस वेळा. जिथे दोन्हीकडे वेगवेगळी नावं होती, तिथे उजवा दहांत दोनदाही खरा ठरलेला नाही. मी पाण्याचे नमुने तपासणाऱ्या प्रयोगशाळेत सत्तावीस वर्षं काम करते. आकडे लिहून ठेवायची हौस नाही मला, सवय आहे.

आमची ओळख झाली ती स्वारगेटजवळच्या एका लहानशा सभागृहात. तिथे एक फिल्म सोसायटी रविवारी दुपारी चित्रपट दाखवते. रावसाहेब तेव्हा स्वारगेटच्या एसटी आगारातून वाहतूक नियंत्रक म्हणून नुकतेच निवृत्त झाले होते आणि घरी बसून पत्नीच्या स्वयंपाकाचं वेळापत्रक लावू नये म्हणून त्यांना तिनेच सभासद करून पाठवलं होतं. अनिरुद्ध वर्ध्याहून शिकायला आला होता. आता तो आयटीत आहे आणि माझ्या शेजारच्या इमारतीत राहतो. द्वारकाबाई मंडईत पालेभाजी विकतात. गावाकडच्या बसला तासभर अवकाश होता आणि सभागृह थंड असतं असं कोणीतरी सांगितलं, म्हणून त्या पहिल्यांदा आत आल्या.

त्या दिवशीच्या चित्रपटाला वास्तववादी चित्रणासाठी सुवर्णपटल मिळालेलं होतं. त्यात बाजाराचा एक प्रसंग होता. दिवे लागल्यावर द्वारकाबाई शेजारच्या खुर्चीवरून मला म्हणाल्या, “ताई, बक्षीस देनारे पिक्चर शेवटपर्यंत बगतात का हो?”

“का?”

“ती बाई मेथी काट्यावर तोलत होती. मेथी कोन तोलतं? जुडीनं देतात मेथी.”

पुढच्या रांगेतले रावसाहेब वळून म्हणाले, “बाई, त्याच चित्रपटात सकाळची पहिली एसटी रिकामी धावते. तुम्ही मेथीचं काय घेऊन बसलात?”

ती आमची पहिली बैठक.

यंदा सुवर्णपटलाचं पंचविसावं वर्ष. समितीने जाहीर केलं की रसिकांच्या गटांनी आपले अंदाज पाठवावेत. ज्या गटाचे सर्वांत जास्त अंदाज बरोबर येतील, त्या गटातली एक व्यक्ती पुढच्या वर्षी ‘रसिक परीक्षक’ म्हणून परीक्षक मंडळात बसेल. गटाने त्या व्यक्तीचं नाव आधीच कळवायचं. प्रत्येक अंदाजापुढे एका वाक्यात कारण लिहायचं, आणि दोन गटांची बरोबरी झाली तर ही कारणं वाचून निर्णय होईल.

“द्वारकामावशी,” अनिरुद्ध लगेच म्हणाला. “दुसरं कोण? मावशींचा तो क्वेश्चन अकरा वर्षं पेंडिंग आहे.”

“मला काय कळतंय त्यातलं?” द्वारकाबाई म्हणाल्या.

“मंडळात बसलेल्यांना तरी काय कळतं,” रावसाहेब म्हणाले. “उलट तुमच्यामुळे सरासरी सुधारेल.”

द्वारकाबाई नको म्हणाल्या नाहीत. पुढच्या रविवारी त्या चष्मा लावून आल्या. लांबचं नीट दिसत नाही, चष्मा करून घ्या, असं मी त्यांना दोन वर्षं सांगत होते. भाजी काय हातभर अंतरावर असते, त्याला चष्मा कशाला, हे त्यांचं ठरलेलं उत्तर. चष्म्याबद्दल आमच्यापैकी कोणी काही बोललं नाही. पण चित्रपट सुरू झाल्यावर मी एकदा वळून पाहिलं. त्या दोन्ही हातांनी चष्म्याच्या काड्या धरून, पुढे वाकून पडद्याच्या कोपऱ्यांतलंही सगळं पाहत होत्या. तेव्हा मला कळलं की ही जागा त्यांना किती हवी आहे.

अर्ज शुक्रवारी संध्याकाळी सहापर्यंत भरायचा होता. आम्ही गुरुवारी बसलो. नऊ विभाग दीड तासात झाले. दहावा, सर्वोत्कृष्ट अभिनेत्री, तासभर अडला.

डाव्या रकान्यावर वाद नव्हता. ‘आठ वाजून दहा’ या चित्रपटाची नायिका राजनंदिनी खैरे. त्यात ती रेल्वेच्या फलाटावर सलग सात मिनिटं रडते, एकाच दृश्यात, मध्ये कुठेही कट नाही. सगळी वर्तमानपत्रं त्या सात मिनिटांबद्दल लिहीत होती.

“माझा नियम साधा आहे,” रावसाहेब म्हणाले. “थांब्यावर कोण किती वेळ उभं आहे ते बघायचं. नामांकन होऊनही या मुलीची गाडी तीनदा चुकलीय. चौथ्यांदा तिला बसवून घेणारच.”

“आणि काका, ऑनलाइन तिच्याबद्दल जेवढं बोललं जातंय ना, त्याच्या निम्मंसुद्धा दुसऱ्या कोणाबद्दल नाही. मी चार्टच काढलाय,” अनिरुद्धने भर घातली.

माझी नोंदही तेच सांगत होती. सलग दीर्घ दृश्य असलेल्या अभिनेत्रीला अकरापैकी सहा वेळा मिळालं होतं. मी डावीकडे राजनंदिनी खैरे लिहिलं.

“आणि उजवीकडेही तीच लिहा,” अनिरुद्ध म्हणाला. “सात मिनिटं, मॅडम! विदाउट अ कट!”

“रडायला काय लागतंय?” द्वारकाबाई म्हणाल्या. “मानूस एकदा लागला रडायला की सात मिन्टं कमीच.”

“मग तुम्ही कोणाचं नाव सुचवता?” मी विचारलं.

“ती ‘मोजणीदार’मधली. शालन.”

‘मोजणीदार’ हा एका गावाच्या जमीन-मोजणीवरचा संथ चित्रपट. शालन देवकुळे त्यात नायकाच्या आईचं काम करते. वय पंचावन्नच्या आसपास, पहिलंच नामांकन.

“ती थांब्यावर आत्ता आली,” रावसाहेब म्हणाले. “अजून छत्रीसुद्धा मिटलेली नाही.”

“छत्रीचं ऱ्हाऊ द्या. बाजाराचा शीन आठवतोय का?”

मला आठवत होता. आई आठवडी बाजारात मेथी निवडते आहे. शेजारची बाई येऊन सांगते की मोजणीत तुमचा विहिरीकडचा तुकडा गेला. आई काही बोलत नाही. प्रसंग संपतो.

“तिच्या हातात जुडी हाय,” द्वारकाबाई म्हणाल्या. त्यांनी टेबलावरची माझी पेन्सिल उचलून जुडीसारखी धरली. “बातमी कानावर पडली. आता भाजी घ्यायची नाय, मन उडालं. दुसरी कोनी असती तर काय केलं असतं? टाकली असती ढिगावर. माझ्याकडं रोज टाकतात. हिनं काय केलं? पानं सारखी केली, देठ खाली, होती तिथं होती तशी ठेवली. मगच निघाली.”

त्यांनी पेन्सिल वहीच्या कडेला समांतर ठेवली.

“ज्या घरात भाजी पिकती त्या घरची बाई जुडी फेकत नाय. जमीन गेली तरी हात इसरत नाय. हे तिला कुनी शिकवलं नसनार. आनि शिकवलं असंल तर ज्यानं शिकवलं त्याला बी द्या.”

अनिरुद्धने लॅपटॉपवर तो प्रसंग काढला. आम्ही तो तीनदा पाहिला. तिसऱ्यांदा पाहताना रावसाहेबांनी चष्मा काढून पुसला.

“खोडा,” मी म्हटलं.

कोणीच खोडलं नाही. मी उजव्या रकान्यात शालन देवकुळे लिहिलं आणि पुढे कारण: वाईट बातमी ऐकल्यावरही ती जुडी होती तशीच परत ठेवते, ज्या घरात भाजी पिकते त्या घरची बाई जुडी फेकत नाही.

“पण पाठवायचं डावीकडलं बरं का,” द्वारकाबाई उठता उठता म्हणाल्या. “मिळनार त्या पोरीलाच.” डावीकडची कारणं अर्ज भरताना मीच लिहायची, असं ठरलं.

शुक्रवारी प्रयोगशाळेत कामाचा ढीग होता. पाच वाजून वीस मिनिटांनी शेवटचा नमुना नोंदवून मी अर्ज उघडला. वही शेजारी होती. अर्जात प्रत्येक विभागापुढे दोन चौकटी होत्या, एक नावाची आणि एक कारणाची. मी वाचत गेले, लिहीत गेले. दहा नावं, दहा कारणं. मग नियमाप्रमाणे पहिल्यापासून शेवटपर्यंत ताडून पाहिलं. पुन्हा एकदा पाहिलं. मी कोणताही आकडा दोनदा ताडल्याशिवाय सही करत नाही. पावणेसहाला अर्ज गेला.

शनिवारी सकाळी समितीकडून पोच आली, भरलेल्या अर्जाच्या प्रतीसह. चहा पिता पिता मी ती उघडली. सर्वोत्कृष्ट अभिनेत्री: शालन देवकुळे.

मी कप खाली ठेवला आणि वही आणली.

अर्जात कारण मागितलं होतं. कारणं आमच्या वहीत फक्त उजवीकडे असतात. माझी नजर कारणांवर गेली आणि त्यांच्यासोबत नावंही तिथलीच उचलली. दोनदा ताडून पाहिलं होतं, दोन्ही वेळा उजव्या रकान्याशी. सत्तावीस वर्षांत मी चुकीची बाटली बरोबर मोजल्याचं हे पहिलं उदाहरण.

चार विभागांत दोन्हीकडे एकच नाव होतं. सहांत वेगळं. त्या सहांपैकी उजवीकडची किती बरोबर येतील? माझ्याच नोंदीप्रमाणे एक. दिवस फारच चांगला असेल तर दोन.

समितीच्या कार्यालयात फोन केला. एक तरुण आवाज नम्रपणे म्हणाला, “आलेला अर्ज बदलता येत नाही, मॅडम. सगळ्यांना तोच नियम.” नियम बरोबर होता. मीही तेच सांगितलं असतं.

मी रिक्षा करून मंडईत गेले.

द्वारकाबाई पालकावर पाणी मारत होत्या. चष्मा कपाळावर चढवलेला होता. मी उभ्या उभ्याच सगळं सांगितलं, एकही वाक्य न गाळता. शेवटी म्हटलं, “तुमची जागा माझ्यामुळे गेली.”

त्यांनी पाण्याचा डबा खाली ठेवला. मला वाटलं, चिडतील. चिडल्या असत्या तर बरं झालं असतं.

“म्हंजे आपन खरं वाटतं ते लिवून पाठवलं?” त्यांनी विचारलं.

“हो. सगळंच्या सगळं.”

“माझं ते जुडीचं पन?”

“शब्दन् शब्द.”

“आनि ते वाचनार?”

“अर्ज आलाय म्हणजे कोणीतरी वाचेलच.”

“मग असू द्या,” त्या म्हणाल्या. पण त्यांनी चष्मा कपाळावरून काढला, पदराने पुसला आणि डबीत घालून पिशवीत ठेवून दिला. ते मला जास्त लागलं.

मी निघाले तेव्हा त्यांनी हाक मारली. “ताई, रावसाहेबांना आज सांगू नका. मानूस झोपायचा नाय.”

निकाल रविवारी दुपारी चार वाजता थेट दाखवणार होते. अनिरुद्धकडे मोठा टीव्ही आहे, म्हणून आम्ही तिथे जमलो. त्याने चहा केला होता आणि बाकरवडीचा पुडा फोडला होता. चाराला दहा मिनिटं असताना मी सांगून टाकलं.

अनिरुद्ध खुर्ची माझ्याकडे वळवून बसला.

“उजवा?” अनिरुद्ध म्हणाला. “पूर्ण उजवा? मॅडम, तुम्ही?”

रावसाहेबांनी बाकरवडी बशीत परत ठेवली. “कल्याणीताई, आमच्या भागातलं पाणी तुमच्याकडेच तपासायला येतं ना?”

“हो.”

“उद्यापासून उकळून पीत जाईन.”

“रावसाहेब,” द्वारकाबाई म्हणाल्या, “तुमी एकदा साताऱ्याच्या फलाटावर नाशकाची गाडी लावली होती. तुमीच सांगितलं होतं.”

“ती गाडी वेळेवर पोचली होती, बाई.”

“मग ही बी पोचंल.”

“साताऱ्याचे पन्नास प्रवासी घेऊन नाशिकला,” रावसाहेब म्हणाले, पण बाकरवडी त्यांनी पुन्हा उचलली.

मी वहीचं नवं पान काढलं आणि वर लिहिलं: ‘पाठवलेलं’ आणि ‘पाठवायचं होतं ते’. दोन्हींची मोजणी मी ठेवणार होते. चूक किती महागात पडली हे नेमकं कळायला हवं.

चार वाजले. टीव्हीवर एक निवेदिका पाकिटांचा गठ्ठा घेऊन उभी राहिली.

वेशभूषा. दोन्ही रकान्यांत एकच नाव होतं आणि तेच आलं. एक, एक.

कला दिग्दर्शन. पुरस्कार ‘आठ वाजून दहा’च्या फलाटाला. डावीकडचं नाव. एक, दोन.

“सुरुवात झाली,” रावसाहेब म्हणाले.

ध्वनी. हे नाव मी सुचवलं होतं आणि तेही दोन्हीकडे होतं. ‘मोजणीदार’मध्ये विहिरीत घागर बुडते तेव्हा रिकाम्या घागरीचा आवाज हळूहळू भरत जातो, स्वर किती चढतो हे मी कान लावून ऐकलं होतं आणि तो चढ बरोबर होता. निवेदिकेने ‘मोजणीदार’ म्हटलं आणि मी टाळी वाजवली. एकदाच. दोन, तीन.

छायालेखन दोन्हीकडे चुकलं.

संकलन. डावीकडे ‘आठ वाजून दहा’, उजवीकडे ‘मोजणीदार’. हे कारण रावसाहेबांचं होतं: मध्यांतरानंतर एकदाही घड्याळ पाहावंसं वाटलं नाही.

“मोजणीदार,” निवेदिका म्हणाली.

रावसाहेब अर्धे उठले. “काय म्हणाली?”

“मोजणीदार, काका! तुमचं घड्याळ!” अनिरुद्ध ओरडला. “तीन-तीन! इक्वल!”

“मी सांगितलंच होतं.”

“डाव्या रकान्यात तुम्ही ‘आठ वाजून दहा’साठी हात वर केला होता,” मी म्हटलं.

“तो अंदाज होता. हे मत होतं.”

सहायक अभिनेत्याचा पुरस्कार आमच्या दोन्ही नावांना सोडून तिसऱ्याच कोणाला गेला. रावसाहेब म्हणाले, “हा कोण? याला तर मी थांब्यावरही पाहिलं नाही.” तेवढ्यात पटकथेचं पाकीट उघडलं. उजवीकडे अनिरुद्धने ‘सातवा फाटा’ लिहायला लावलं होतं, कारण त्यात एकही माणूस आपलं दुःख बोलून दाखवत नाही.

“सातवा फाटा!”

अनिरुद्धने गादीवरून उशी उचलून छताकडे फेकली. ती पंख्याला लागून द्वारकाबाईंच्या मांडीवर पडली. चार, तीन. चारचा आकडा मी घाईत रेघेबाहेर लिहिला. उजवा रकाना पुढे होता. अकरा वर्षांत असं झालेलं नव्हतं.

दिग्दर्शक दोन्हीकडे ‘मोजणीदार’चा होता. तो आला. पाच, चार.

“आता अभिनेत्री,” मी म्हटलं. उगाचच म्हटलं, सगळ्यांनाच माहीत होतं.

द्वारकाबाईंनी उशी बाजूला ठेवली. पिशवीत हात घालून चाचपडत चष्मा बाहेर काढला आणि लावला. टीव्हीवर पाचही अभिनेत्रींची एकेक झलक दाखवायला लागले. राजनंदिनी खैरे फलाटावर रडत होती. आणि मग शालन देवकुळे. बाजार. मेथीची जुडी. तिने पानं सारखी केली.

“तोच शीन!” द्वारकाबाई म्हणाल्या. “तोच निवडलाय बगा त्यांनी!”

“झलक म्हणजे निकाल नव्हे,” रावसाहेब म्हणाले, पण अगदी हळू.

पाकीट उघडायला निवेदिकेला इतका वेळ लागला की अनिरुद्ध टीव्हीला म्हणाला, “बाई, फाड ना!”

“शालन देवकुळे. मोजणीदार.”

त्यानंतर कोण काय म्हणालं ते मला सांगता येणार नाही, कारण चौघंही एकदम बोलत होतो. रावसाहेब उभे राहिले होते. अनिरुद्धने मला दोन्ही खांदे धरून हलवलं. शाळेनंतर असं मला कोणी हलवलेलं आठवत नाही. आणि मी ओरडत होते. “खोडा! आता खोडा!” असं काहीतरी.

द्वारकाबाई तेवढ्या बसून होत्या. “तिला सांगितलं पायजे,” त्या पडद्याकडे पाहत म्हणाल्या. “जुडीचं आमाला दिसलं म्हनून.”

शेवटचं पाकीट सर्वोत्कृष्ट चित्रपटाचं. डावीकडे ‘आठ वाजून दहा’, उजवीकडे ‘मोजणीदार’. ‘मोजणीदार’ आला. सात आणि चार.

मी पानाखाली रेघ मारली. जे पाठवायचं होतं ते पाठवलं असतं, तर आमचे चार अंदाज बरोबर आले असते. चुकून सात आले.

“मॅडम, म्हणजे आपण जिंकलो?”

“माहीत नाही,” मी म्हटलं. “बाकीच्या गटांचे किती आले ते कळलेलं नाही. आणि एका वर्षाच्या दहा नोंदींवरून उजवा रकाना चांगला असंही म्हणता येणार नाही.”

“आज तरी म्हणा हो,” रावसाहेब म्हणाले. “उद्या परत काटेकोर व्हा.”

सोमवारी अकराच्या सुमाराला प्रयोगशाळेत माझा फोन वाजला. समितीच्या सचिव बोलत होत्या. सात अंदाज बरोबर असलेले तीन गट निघाले होते. पहिल्या क्रमांकावर तिघांची बरोबरी.

“म्हणून आम्ही काल संध्याकाळी कारणं वाचली,” त्या म्हणाल्या. “पण त्याआधी एक विचारते. शनिवारी तुम्ही अर्ज बदलायला फोन केला होता अशी इथे नोंद आहे.”

“हो. मी नावं चुकीच्या रकान्यातली पाठवली. ते आमचे अंदाज नव्हते. आम्हाला कोण जिंकायला हवं होतं, त्यांची ती नावं आहेत.” पाठवलेला नमुना कोणता होता हे लपवून निकाल घ्यायचा नसतो. “माझी चूक आहे. तुम्हाला अर्ज बाद करायचा असेल तर—”

“कारणं तुमच्याच गटाची आहेत ना?”

“हो, ती आमचीच.”

“नावं अर्जात दिलेल्या मुदतीत आलेली आहेत ना?”

“सव्वा… नाही, पावणेसहाला.”

“मग बाद कशासाठी करू?” त्या म्हणाल्या. कागद उलटल्याचा आवाज आला. “बाकी दोन गटांनी लिहिलंय की हिला मिळेल कारण हिची हवा आहे, याला मिळेल कारण मागच्या वर्षी हुकलं. तुमच्या अर्जात मात्र चित्रपटाबद्दल लिहिलंय. ते मेथीच्या जुडीचं वाचल्यावर आमच्या अध्यक्षांनी तो प्रसंग पुन्हा लावून पाहिला. ते वाक्य कोणाचं?”

“द्वारकाबाईंचं. ज्यांचं नाव आम्ही कळवलंय.”

“त्यांच्याशी बोलता येईल का? त्यांची संमती हवी आहे. आत्ता मिळाली तर दुपारी जाहीर करू.”

द्वारकाबाईंचा फोन घरी, सुनेजवळ असतो. मी दहा मिनिटं मागितली. प्रयोगशाळेतून न विचारता बाहेर पडण्याची ही माझी पहिलीच वेळ. शिपायाने घड्याळाकडे पाहिलं. रिक्षावाल्याला मी “लवकर” हा शब्द इतक्यांदा सांगितला की शेवटी तो म्हणाला, “मॅडम, रिक्षा आहे, विमान नाही.”

मंडईच्या कमानीपासून मी चक्क पळत गेले. द्वारकाबाईंसमोर एक बाई कोथिंबीर निवडत होती. मी फोन लावला आणि त्यांच्या हातात दिला. “समिती. तुमच्याशी बोलायचंय त्यांना.”

त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मग फोनकडे. हात पदराला पुसून फोन कानाला लावला.

“हां, बोलतीय… द्वारका… होय, ते मीच सांगितलं होतं… होय… कदी?… एक मिन्ट थांबा हं, गिऱ्हाईक हाय.”

फोन छातीशी धरून त्यांनी कोथिंबिरीच्या दोन जुड्या बाईच्या पिशवीत ठेवल्या, वर एक हिरवी मिरची घातली. मला वाटलं, पलीकडे सचिवबाईंना मंडईचा सगळा गलका ऐकू जात असणार.

फोन पुन्हा कानाला लागला.

“बोला. येनार म्हंजे येनारच. पन एक विचारू का? आदी सांगा.” त्यांनी कपाळावरचा चष्मा डोळ्यांवर ओढला, जणू फोनमधलं माणूस दिसणार होतं. “पिक्चर शेवटपर्यंत बगावा लागतो ना?”

पलीकडून काय उत्तर आलं ते मला ऐकू आलं नाही. द्वारकाबाईंनी मान हलवली.

“समद्यांनी?”

पुन्हा काहीतरी उत्तर आलं. या वेळी लांबलं.

“मग मी दारापाशी बसते,” त्या म्हणाल्या. “मदी कोन उठतंय ते मला दिसंल.”